आई-वडिलांना परभणीहून सिंगापूरच्या क्रूझला पाठवतोय, प्रवास विमा घ्यावा का?

घ्याच. मुंबई-गोवा अशी दोन रात्रींची क्रूझ असती तर मी एवढा आग्रह धरला नसता. पण घरचा आरोग्य विमा देशाबाहेर सहसा चालत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, फुकट नसतो. तपासणी, सलाईन, सगळं खोलीच्या बिलात लागतं. खरा खड्डा पडतो तो पेशंटला जहाजावरून उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं तर. म्हणून पॉलिसीत आधी ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ची रक्कम बघा, सामान हरवल्याची नंतर.

वडिलांना शुगर-बीपी असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. एजंट ‘कशाला लिहिता’ म्हणाला तरी लिहा. लपवलेलं क्लेमच्या वेळी नेमकं वर येतं.

आणि जहाज कुणासाठी थांबत नसतं. देवगिरी एक्स्प्रेस लेट झाली आणि पुढचं विमान हुकलं, तर विमा ते धरतो का, हे कंपनीला आधीच विचारून ठेवा. माझं ऐकाल तर त्यांना एक दिवस आधीच मुंबईला पाठवा. ठाणे-डोंबिवलीत आपल्याकडचं कुणी ना कुणी असतंच की!

बुकिंग झालं की लगेच पॉलिसी काढा, म्हणजे निघायच्या आधीच कुणी आजारी पडलं तरी रद्द केल्याचे पैसे मागता येतील.