टीव्हीवरची मारधाड आवडत नसेल तर चॅनल बदला, असं म्हणणं बरोबर आहे का?

तुमचा प्रश्न असा की, टीव्हीवरच्या हिंसेबद्दल कुणी कुरकुर केली की लगेच उत्तर मिळतं, "रिमोट तुमच्याच हातात आहे, नका बघू." हे पटण्यासारखं आहे का? मी नाशिकला सिडकोत केबलवाला आहे, १९९६पासून. रिमोट नक्की कुणाच्या हातात असतो हे मी रोज घराघरांत बघतो, म्हणून लिहितोय.

आधी कबुली. सुरुवातीला रिमोट लोकांच्या हातात नव्हताच, माझ्या हातात होता. पवननगरजवळ दहा बाय बाराची कंट्रोल रूम, गच्चीवर डिशच्या दोन छत्र्या, आत चॅनल वायरवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरची रांग आणि एक व्हीसीआर. त्यात कॅसेट घातली की सहाशे घरांत एकदम तोच सिनेमा. कोणता लावायचा ते मी ठरवायचो. खरं सांगायचं तर ज्याचा फोन आधी येईल तो ठरवायचा, आणि शनिवारी रात्रीचे फोन "फायटिंगचा लावा" एवढंच सांगायला यायचे. सिनेमाचं सेन्सॉर सर्टिफिकेट बघायची आमच्यात पद्धत नव्हती. केबलचा कायदा १९९५चा, पण आमच्या जिन्यापर्यंत चढायला त्याने बरीच वर्षं घेतली. ए सर्टिफिकेटचा, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचा सिनेमा टीव्हीवर दाखवायचा नाही हे आमच्या डोक्यात शिरलं तेसुद्धा मुंबईच्या एका प्राध्यापिकाबाई हायकोर्टात गेल्या तेव्हा. त्यामुळे "लोकांना मारधाड नकोच असते, चॅनलवाले लादतात" असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. मागणी होती. मी स्वतः फोन उचललेत.

मग सेट टॉप बॉक्स आले. बॉक्स सक्तीचे करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक होतं, ३१ मार्च २०१३ची मुदत. आणि खरी निवड आली असं सरकारने सांगितलं ती १ फेब्रुवारी २०१९ला. ट्रायचा, म्हणजे केबलचे दर-नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, तेव्हाचा नवा नियम: १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैशांत शंभर चॅनल, पैसे द्यायचे चॅनल वेगळे, जो हवा तोच घ्या, नको तो घेऊ नका. मी फॉर्म छापून दारोदार फिरलो. लोकांनी फॉर्मवर खुणा कराव्यात म्हणून पेनसुद्धा बरोबर ठेवले होते. दहातल्या आठ घरांत उत्तर एकच, "दादा, जे चालू आहे तेच ठेवा ना."

लोक आळशी आहेत असं म्हणून मोकळं होता येतं, पण हिशेब मांडून बघा. एका कंपनीचे आवडते दोन-तीन चॅनल सुटे घेतले तर जेवढे पैसे पडायचे, जवळपास तेवढ्यात त्या कंपनीचा अख्खा बुके, म्हणजे सगळ्या चॅनलचा एकत्र गठ्ठा मिळायचा. मग सुटे कोण घेणार? आणि बुके घेतला की त्यातला एक चॅनल काढता येत नाही, हवं तर पूर्ण बुके काढा. त्रिमूर्ती चौकाजवळच्या एका गिऱ्हाइकाने दुसरीतल्या मुलीसाठी एक चॅनल बंद करायला सांगितला. प्रोमोमध्ये भर दुपारी गळा आवळताना दाखवायचे, पोर झोपेत दचकायला लागली होती. मी बुके काढला. महिन्याच्या आत माणसाचा फोन, "सुरू करा परत, आईची मालिका बुडतेय."

आता हा प्रोमो बघा. कार्यक्रम नको तर चॅनल बदला, मान्य. पण प्रोमो तुम्ही निवडलेल्या कार्यक्रमाच्या मध्ये येऊन बसतो. रिमोट उशीखालून काढेपर्यंत दाखवायचं ते दाखवून झालेलं असतं.

वेळेचंही तसंच. चॅनलवाल्यांच्या संघटनेची २०११ची स्वतःची नियमावली आहे, मोठ्यांसाठीचं जे असेल ते रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये दाखवायचं. कागदावर ठीक आहे. आमच्याकडे अंबड आणि सातपूर एमआयडीसीची सेकंड शिफ्ट सुटते अकरा-साडेअकराला. बापाची वाट बघत घर जागं, भात कुकरमध्ये, पोरं सतरंजीवर आडवी आणि टीव्ही चालू. तक्रारीचे फोन मला सगळ्यात जास्त त्याच वेळी येतात, "चित्र अडकतंय" म्हणून. म्हणजे पोरं झोपली असतील असं धरून जे दाखवलं जातं, ते माझ्या भागातली निम्मी पोरं बघतात. एक खोली, एक टीव्ही. तिथे रिमोट हातात असतो एकाच्या आणि बघतात पाच जण.

बरं, हिंसा म्हणजे काय ते तरी कुठे नक्की आहे? चाकू, रक्त, मुडदा म्हटलं की सगळ्यांना कळतं. साडेसातच्या मालिकेत सुनेच्या थोबाडीत बसते, तीच थप्पड तीन बाजूंनी दाखवतात, मागे ढोल वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच सून सगळ्यांना चहा देत फिरते. याबद्दल आजवर एकाही घरातून तक्रार आली नाही. मला मुडद्यापेक्षा हे जास्त खटकतं. आमच्या गावाचं नावच नाक कापण्यावरून पडलं असं सांगतात. तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असा पुतळा आहे, त्याच्यासमोर पोरं कुल्फी खात फोटो काढून घेतात. कुणी भेदरत नाही, कारण त्या एका घावातून पुढे काय काय झालं, थेट लंकेपर्यंत, ते घरात ऐकलेलं असतं. मालिकेतल्या थपडेतून पुढे काहीच होत नाही. मार खाल्ला, पदर सावरला, ब्रेक.

टीव्ही बघून माणूस खुनी होतो का, यावर मी बोलणार नाही, माझा तो प्रांत नाही. भित्रा मात्र होतो, हे घरात बघितलंय. २०१९च्या जानेवारीत गंगापूर रोडकडे सावरकरनगरात बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले. त्याला त्याच दिवशी पकडला. बातम्यांत मात्र तो पुढेही भिंतीवरून उड्या मारत राहिला, तीच उडी, लाल गोल काढून. माझी आई उत्तमनगरला राहते, तिथून ते ठिकाण बऱ्यापैकी लांब. तिने दिवेलागणीनंतर गच्चीवरचे कपडे आणायला जाणं बंद केलं. कपडे रात्रभर दवात. त्यात दुपारी गुन्हेगारीचे कार्यक्रम बघायची, मग दाराला तिसरी कडी बसवून घेतली, आणि सिलिंडरवाल्याला खिडकीतून ओळख विचारायला लागली. पंधरा वर्षं तोच माणूस येतोय. जॉर्ज गर्बनर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हेच मांडलं होतं: जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. बातम्यांतलं रक्त आणि मृतदेह जवळून दाखवू नका, अशी सूचना केंद्राने जानेवारी २०२३मध्ये चॅनलना काढली. त्या सूचनेने थोडा फरक पडला. लाल गोल अजून आहेत.

तरीही बंदी घाला असं मी म्हणणार नाही. सहाशे घरांनी काय बघायचं हे एक माणूस ठरवतो तेव्हा काय होतं ते वर सांगितलंच, तो माणूस मीच होतो. माझं म्हणणं एवढंच की निवड रिमोटवर होत नाही, ती आधी करावी लागते, आणि तिला थोडे कष्ट पडतात. "रिमोट हातात आहे" म्हणणारा ते कष्ट सांगत नाही.

बॉक्समध्ये चाइल्ड लॉक असतं, जवळपास सगळ्याच. पिन बहुतेक वेळा चार शून्य किंवा १२३४ असतो. तो आधी बदला, नाहीतर लॉक लावून उपयोग नाही. लॉक एकेका चॅनलला लावता येतं, म्हणजे बुके न काढता काम होतं. त्रिमूर्ती चौकवाल्यांना शेवटी मी हेच करून दिलं. आईची मालिका वेगळ्या चॅनलवर होती म्हणून जमलं. केबलवाल्याला सांगितलं तर तो दोन मिनिटांत करून देईल, पैसे मागितले तर देऊ नका. मोबाइलवर बघत असाल तर तिथे १३+, १६+ असं लिहिलेलं असतं आणि पालकांचं लॉकही असतं. पण मोबाइल पोराकडे आणि पिनही पोरानेच ठेवलेला, ही परिस्थिती असेल तर मी काय सांगणार.

आणि तक्रार करा. केबलवाल्याला ओरडून उपयोग नाही, आम्ही फक्त वायर ओढतो. २०२१पासून नियम असा आहे की आधी चॅनलकडे लिहायचं, त्यांनी पंधरा दिवसांत निकाल द्यायचा. पटलं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, आणि त्यावर केंद्र सरकार. लिहिताना चॅनल, कार्यक्रम, तारीख आणि वेळ लिहा, आणि प्रोमो असेल तर तो कोणत्या कार्यक्रमाच्या मध्ये आला तेही. "हल्ली टीव्हीवर फार हिंसा असते" एवढंच लिहिलंत तर त्याला उत्तरही तसंच येतं.