सनद रद्द झाली तर दाद नेमकी कुठल्या कोर्टात मागायची?

प्रश्न : माझा मोठा भाऊ वकील आहे. एका पक्षकाराच्या तक्रारीवरून राज्य बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) शिस्तपालन समितीने त्याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रद्द केली, ऑर्डर हातात येऊन तीन आठवडे झाले. त्याचे एक मित्र म्हणतात ताबडतोब हायकोर्टात रिट (घटनेखालची थेट याचिका) टाक, दुसरे म्हणतात दिवाणी कोर्टात दावा लावून मनाई घे, आणि तो स्वतः इतका खचलाय की काहीच करत नाहीये. आम्ही घरच्यांनी नेमकं काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ऑर्डर ज्या दिवशी हातात पडली ती तारीख एका कागदावर लिहा आणि समोर लावून ठेवा, कारण तिथपासून ६० दिवस मोजायचेत आणि त्यातले तीन आठवडे आधीच गेलेत. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये या बाबतीतली सगळी शिडी लिहून ठेवलेली आहे. कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची समिती शिक्षा करते, म्हणजे समज देते, काही काळासाठी सनद निलंबित करते नाहीतर नावच रोलवरून, म्हणजे वकिलांच्या यादीतून, काढून टाकते. त्यावर अपील कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तिथे हरलात तर कलम ३८ खाली थेट सुप्रीम कोर्टात, तिथेही मुदत ६० दिवसच. या शिडीत हायकोर्टाची पायरीच नाहीये, आणि लोक गडबडतात ते नेमकं इथंच, कारण आपल्या डोक्यात खालचं कोर्ट मग हायकोर्ट मग सुप्रीम कोर्ट असा क्रम पक्का बसलेला असतो.

दिवाणी दाव्याचा नाद तर पूर्ण सोडा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ दिवाणी कोर्टाला सगळे दिवाणी दावे ऐकायचा अधिकार देतं खरं, पण जिथे उघडपणे किंवा गर्भितपणे मनाई आहे ते दावे सोडून, आणि जेव्हा एखादा खास कायदा हक्कही देतो, चौकशीची यंत्रणाही देतो आणि वर दोन अपिलंही देतो तेव्हा दिवाणी कोर्ट त्यात हात घालत नाही. दावा आधी बोर्डावर येणार, मग अधिकारक्षेत्राचा मुद्दा निघणार, मग त्यावर वाद, आणि तोवर ६० दिवस कधीच उलटून गेलेले असतील. चुकीच्या कोर्टात घालवलेला वेळ नंतर माफ करून मागता येतो, पण तो मिळेलच असं धरून कुणाच्या पोटापाण्याचा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रिटचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टाचा अधिकार कुणी काढून घेतलेला नाही, तो आहेच, पण समोर अपिलाची सोय असताना हायकोर्ट सहसा सांगतं की आधी तिकडे जा. याला अपवाद आहेत, सुप्रीम कोर्टाने १९९८ च्या व्हर्लपूल निकालात ते नीट मांडलेत : मूलभूत हक्कांवर गदा आली असेल, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पायदळी तुडवली असतील, मुळात अधिकारच नसताना ऑर्डर काढली असेल, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल. म्हणून भावाची फाईल उघडून बघा की त्याला नोटीस मिळाली होती का, तक्रारदाराची उलटतपासणी घेऊ दिली का, ऑर्डर शिस्तपालन समितीचीच आहे ना. यात काही ठळक गडबड सापडली तर रिटचा विचार करा. नुसतं समितीने पुराव्याचा चुकीचा अर्थ लावला एवढंच म्हणणं असेल तर तो अपिलाचा मुद्दा आहे, रिटमध्ये तो टिकणं अवघड.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि जी घाईगडबडीत राहून जाते. अपील दाखल केलं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही! कलम ४० नुसार स्टे, म्हणजे स्थगिती, वेगळा मागावा लागतो. अपिलाची मुदत संपायच्या आत ज्या समितीने शिक्षा दिली तिच्याकडेच स्टेचा अर्ज करता येतो, आणि अपील दाखल झाल्यावर वरच्या समितीकडे. स्टे मिळेपर्यंत भावाने कुठल्याही कोर्टात उभं राहायचं नाही, मित्राच्या वकीलपत्रावर नुसती तारीख घ्यायलासुद्धा नाही, कारण सनद नसताना वकिली करणं कलम ४५ खाली गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचे चालू पक्षकार असतील त्यांना आजच कळवा, त्यांच्या तारखा चुकल्या तर त्यांचं नुकसान होईल आणि भावावर आणखी एक तक्रार येईल ते वेगळंच. तो खचलाय हे मी समजू शकतो, एवढ्या वर्षांचं नाव एका कागदाने जातं तेव्हा माणूस सुन्न होतोच, पण अपिलात शिक्षा कमी करण्याचाही अधिकार असतो, म्हणजे सनद रद्दऐवजी काही काळाचं निलंबन असंही होऊ शकतं, हे त्याला शांतपणे बसवून सांगा.

प्रश्न : भर कोर्टात वादावादी झाली आणि न्यायाधीश म्हणाले, तुमची सनदच काढून घेतो. न्यायाधीशाला हा अधिकार असतो का? (एक तरुण वकील)

उत्तर : नाही, तसा थेट अधिकार नसतो. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका ज्येष्ठ वकिलाला कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी धरून त्यांची वकिली तीन वर्षांसाठी निलंबित केली होती, आणि ते तर त्यावेळी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. त्यावर सुप्रीम कोर्ट बार असोसिएशननेच आव्हान दिलं आणि १९९८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की अवमानाच्या खटल्यात सनद निलंबित करता येत नाही, अगदी अनुच्छेद १४२ खालचा पूर्ण न्याय करण्याचा खास अधिकार वापरूनसुद्धा नाही, कारण तो अधिकार कायद्याने बार कौन्सिलला दिलाय. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण ज्या न्यायाधीशासमोर वकिलाने निर्भयपणे बोलायचं त्याच्याच हातात वकिलाची सनद असेल तर पक्षकाराची बाजू कोण मांडणार?

पण म्हणून निर्धास्त होऊ नका. सनद काढणं वेगळं आणि आपल्या कोर्टात उभं राहू न देणं वेगळं, हा फरक त्याच निकालात केलाय. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३४ खाली हायकोर्टं वकिलांच्या हजेरीबद्दल नियम करू शकतात, २००१ च्या एका निकालानंतर अवमानात दोषी ठरलेल्या वकिलाला त्या दोषातून मुक्त होईपर्यंत कोर्टात येण्यापासून अडवता येतं, आणि २००९ मध्ये आर. के. आनंद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाने घातलेली ठरावीक काळाची हजेरीबंदी अधिकारात बसते असं म्हटलं. २०१६ मध्ये महिपाल सिंग राणा प्रकरणात तर बार कौन्सिलने काहीच हालचाल केली नाही हे बघून सुप्रीम कोर्टाने कलम ३८ चा आधार घेत स्वतःच निलंबन केलं. म्हणजे बार कौन्सिल झोपून राहिली तर सुप्रीम कोर्ट गप्प बसत नाही. आणि इथे आव्हानाचा रस्ताही वेगळा असतो बरं का, अवमानाच्या शिक्षेवर अपील कंटेम्प्ट ऑफ कोर्ट्स ॲक्ट, १९७१ च्या कलम १९ खाली जातं, हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी शिक्षा दिली तर दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे २० दिवसांत आणि खंडपीठाने दिली तर सुप्रीम कोर्टात ६० दिवसांत. २० दिवस म्हणजे काहीच नाही, डोळ्यांदेखत संपतात.

प्रश्न : चुलतभाऊ अमेरिकेत वकील होता, तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्याला वकिलीतून काढलं. तो म्हणतो फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात केस टाकतो. जमेल का?

उत्तर : बहुतेक नाही. तिकडे वकिलावरची शिस्तीची कारवाई मुळातच राज्याच्या सर्वोच्च कोर्टाच्या हातात असते, त्यामुळे ती ऑर्डर म्हणजे एका कोर्टाचा निकाल झाला, आणि राज्याच्या कोर्टाच्या अंतिम निकालावर फेडरल जिल्हा कोर्ट अपील ऐकू शकत नाही, तो अधिकार फक्त अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला. १९२३ चा रूकर आणि १९८३ चा फेल्डमन या दोन निकालांवरून याला रूकर-फेल्डमन तत्त्व म्हणतात. फेल्डमनमध्ये एक बारीक फट ठेवलीये : माझ्यावर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही, पण हा नियमच सगळ्यांसाठी घटनाबाह्य आहे असं म्हणत नियमाला आव्हान देता येतं. कारवाई चालू असताना मध्येच फेडरल कोर्टात पळायलाही १९८२ च्या मिडलसेक्स निकालाने अडवलंय, राज्यात म्हणणं मांडायची संधी असेल तर आधी तिथेच मांडा असं. फेडरल कोर्टाची स्वतःची वकिलांची यादी मात्र वेगळी असते आणि राज्याने काढलं म्हणून तिथलं नाव आपोआप जात नाही, हे १९५७ मध्ये थीर्ड प्रकरणात ठरलंय, तर तिथे नोटीस आली की उत्तर द्यायला चुकू नको म्हणावं.

प्रश्न : मी तक्रारदार आहे. वकिलाने माझे पैसे घेऊन केसच दाखल केली नाही. राज्य बार कौन्सिलकडे तक्रार देऊन दीड वर्ष झालं, काही हलत नाही. ग्राहक कोर्टात जाऊ का?

उत्तर : ग्राहक कोर्टाचा रस्ता बंद झालाय. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक कायद्याखाली तक्रार चालत नाही. पैसे परत मिळवायला दिवाणी दावा लावू शकता, मुदत बघून, आणि फसवणुकीचा हेतू दिसत असेल तर पोलिसांकडे फिर्याद, ते बार कौन्सिलच्या कारवाईवर अवलंबून नाही.

तुमच्या रखडलेल्या तक्रारीला मात्र ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३६ब कामाला येईल. तक्रार मिळाल्यापासून एक वर्षात राज्य बार कौन्सिलने प्रकरण निकाली काढायचं असतं, नाही काढलं तर ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. तेव्हा तक्रारीची पोच, पाठवलेली स्मरणपत्रं आणि रोजनामा निघाला असेल तर त्याच्या नकला जोडून दोन्ही ठिकाणी लेखी कळवा. यात एक लक्षात ठेवा, प्रकरण वर गेलं की मधली अपिलाची पायरी गळते, तिथल्या निकालावर दोघांनाही, म्हणजे तुम्हाला आणि वकिलाला, थेट सुप्रीम कोर्टच उरतं.

शिस्तपालन समितीने चौकशी करून तक्रार फेटाळली तर तुम्हीही कलम ३७ खाली ६० दिवसांत अपील करू शकता, अपील फक्त वकिलालाच असतं हा समज चुकीचा आहे. उलट समितीकडे न पाठवताच कौन्सिलने सुरुवातीलाच फेटाळली तर ती समितीची ऑर्डर नसते, तेव्हा कलम ४८अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, करायचं. आणि राज्य बार कौन्सिलला स्वतःलाही वर जाता येतं, १९७५ मध्ये बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर या प्रकरणात सात न्यायमूर्तींनी ते मान्य केलंय. म्हणून कौन्सिलच्या ऑफिसात पत्र देताना तक्रार नेमकी कुठं अडकलीये, समितीकडे गेली का नाही, हे लेखी विचारा आणि त्या पत्रावर तारखेचा शिक्का मारून घ्या, कारण ३७ का ४८अ हे त्या उत्तरावरच ठरेल.