रहाटगाडा नव्हे, रहाटगाडगं!

धरमपेठेतल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय, 'रोज तेच ते काम, याला नेमका शब्द कोणता? एकसुरी, रटाळ की रहाटगाडा?'

एकसुरी आणि रटाळ सगळ्यांना कळतात, ते सोडतो. पण रहाटगाडा? परवा सीताबर्डीवर एका निरोप समारंभात सूत्रसंचालक तीनदा म्हणाले, 'नोकरीच्या रहाटगाड्यातून सुटका झाली.' अहो, गाडा संसाराचा! विहिरीतून पाणी उपसणाऱ्या रहाटाला असतं ते गाडगं, मातीचं भांडं. शेंडगावचे डेबूजी हातातल्या गाडग्यामुळे गाडगेबाबा झाले, आणि त्याच विदर्भात गाडग्याचा गाडा होतो, याचं फार वाईट वाटतं.

रहाट आला संस्कृत 'अरघट्ट'वरून. प्राकृतात अरहट्ट झाला, मग पहिला अ गळाला. 'अर' म्हणजे चाकाचा आरा, यावर वाद नाही. वाद 'घट्ट'चा. त्यात घासण्याचा, ढवळण्याचा धातू पाहणाऱ्या पंडितांचं मला मुळीच पटत नाही. विहिरीवर माणूस यंत्र बसवतो ते पाण्यासाठी, घासायला नव्हे! संस्कृतात याच यंत्राला घटीयंत्रही म्हणतात. माझ्या मते तो घटच. झिजून झिजून त्याचा नुसता 'हाट' उरला, आत भांडं आहे हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, म्हणून लोकांनी मागे पुन्हा गाडगं जोडलं.

काटोलकडे मामांच्या संत्र्याच्या बागेत मी रहाट चालताना पाहिलाय. गाडग्यांच्या जागी पत्र्याचे डबे होते. प्रत्येक दात्यावर खटका पडायचा, टक्, टक्. भरला डबा वर येऊन पन्हळीत ओतला जायचा, रिकामा उलटा होऊन खाली जायचा.

हे पाहिलं की कळतं, मूळ उपमा कंटाळ्याची नाहीच, नशिबाची आहे. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाच्या शेवटी नायक चारुदत्त हेच सांगतो: विहिरीवरच्या यंत्राच्या घटिकांसारखं दैव कुणाला रितं करतं, कुणाला भरतं. केवढं मोठं चित्र! त्यात तोचतोचपणा शिरला तो, मला वाटतं, रहाट ओढणाऱ्या बैलाकडे पाहून. डोळ्यांवर झापड, पायाखाली तेच रिंगण.

तेव्हा बाई, सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या ओट्यापर्यंतच्या कामांना खुशाल रहाटगाडगं म्हणा. दरवर्षी तोच धडा त्याच शब्दांत शिकवण्याला मात्र नको. ते पिष्टपेषण, दळलेलं पीठ पुन्हा दळणं.