मानधन: पाकिटातलं की माणसातलं?

प्रश्न असा आला आहे: ‘क्रिकेटपटूंना कोट्यवधींचं मानधन मिळतं असं बातम्यांत म्हणतात. हा शब्द इथे बरोबर आहे का? आणि मानधन घेतलं की खेळाडूवर लोकांप्रती काही जबाबदारी येते, असं या शब्दातून सुचतं का?’

बरोबर नाही. हे सांगून सांगून माझा घसा बसला. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला झालेल्या आयपीएलच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं, तेव्हाही हाच शब्द कानावर आदळत होता. अहो, लिलावात बोली लागते आणि बोलीतून ठरते ती किंमत. मानधन म्हणजे व्याख्यात्याला शाल-नारळासोबत दिलेलं पाकीट. तो ते सर्वांसमोर उघडत नाही, रिक्षात बसल्यावर हळूच बघतो, आणि कमी निघालं तरी कुणाला बोलत नाही. ज्याची घासाघीस हातात फलक धरून, कॅमेऱ्यासमोर झाली ते मानधन कसं?

पगार, वेतन, मोबदला यांचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. गंमत एवढीच की ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि ‘लिलाव’ही त्यांच्याकडूनच. दोन्ही शब्द आपण चारशे वर्षं घट्ट धरून ठेवले, पण लिलावातून जे मिळतं त्याला पगार म्हणायची मात्र लाज वाटते. इथे भाषाशुद्धीवाले लगेच ‘वेतन म्हणा’ म्हणून पुढे येतात. एका फिरत्या यादीत तर ‘वेतन’ हा विसाव्या शतकात घडवलेला शब्द म्हणून मिरवतो आहे. यादी करणाऱ्यांनी मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडावा. राजाने निकाली काढायच्या वादांच्या अठरा प्रकारांत ‘वेतनस्यैव चादानम्’, म्हणजे ठरलेलं वेतन न देणं, हा एक स्वतंत्र प्रकार आहे. वेतन बुडवलं की राजाकडे दाद मागता येत होती, तेव्हापासूनचा हा शब्द आहे.

आता खरी मेजवानी. संस्कृत कवी भारवीच्या किरातार्जुनीय या महाकाव्याचा पहिला सर्ग. युधिष्ठिराने पाठवलेला वनेचर हेरगिरी करून परत आला आहे आणि दुर्योधनाच्या पदरी कसले धनुर्धर आहेत ते सांगतो आहे: ‘महौजसो मानधना धनार्चिताः’. महाबलवान, मानधन आणि धनार्चित! मानधन म्हणजे मान हेच ज्याचं धन आहे असा माणूस. बहुव्रीही समास. इथे मानधन खिशात जात नाही, ते स्वतःच्या पायांवर उभं राहून धनुष्य ताणतं. आणि पुढचाच शब्द पाहा. धनार्चित, म्हणजे धन देऊन ज्यांचा गौरव केला आहे असे. मान त्यांचा स्वतःचा, धन राजाने दिलेलं. दोन गोष्टींसाठी दोन शब्द, आणि तेही एकाच चरणात शेजारी शेजारी बसवलेले. पुढे तो म्हणतो, हे लोक आपसात टोळ्या करत नाहीत, एकमेकांत फूटही पाडत नाहीत. कोणत्याही संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये टांगावा असा श्लोक आहे.

माझं म्हणणं असं की मराठीत या बहुव्रीहीचा तत्पुरुष झाला. मानाचं धन, मानापोटी दिलेलं धन. माणूस गळाला, रक्कम उरली. समासाची अशी अदलाबदल साधी समजू नका. वैदिक कथेतल्या त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागताना ‘इन्द्रशत्रुः’चा स्वर चुकवला, ‘इंद्राचा मारेकरी’ या तत्पुरुषाचा ‘इंद्र ज्याचा मारेकरी’ असा बहुव्रीही झाला, आणि इंद्राचा मारेकरी व्हायचा तो वृत्र इंद्राच्याच हातून मेला. एका जाणकारांनी मला कळवलं की मराठीतलं मानधन हे ‘ऑनरेरियम’साठी नव्याने पाडलेलं नाणं आहे, भारवीशी त्याचा काडीचा संबंध नाही. असेलही नवं नाणं. पण ते पाडणारा संस्कृत शिकलेला असणार, आणि त्या काळी संस्कृत शिकून भारवी न वाचलेला माणूस त्यांनी मला दाखवावा.

आणि हो, मानधन या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप होतं मानधना. सांगलीची क्रिकेटपटू स्मृती मानधना हिचं आडनाव मारवाडी आहे, भारवीकडून आलेलं नाही, हे मला कळतं. पत्रं पाठवू नका. पण फेब्रुवारी 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात तिच्यावर 3 कोटी 40 लाखांची सर्वांत मोठी बोली लागली, तेव्हा मानधना आणि धनार्चिता एकाच व्यक्तीत भेटल्या म्हणून मी त्या संध्याकाळी घरात पेढे वाटले.

जबाबदारीचं राहिलंच. मानधन या शब्दात ती नाही, उलट हा शब्द देणाऱ्याला मोकळं करतो. अंगणवाडी सेविकेला ‘मानधन’ का देतात? वेतन म्हटलं की हक्क आले, म्हणून. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं हे मानधन वेतनच आहे. तिकडे सेविकेला कमी द्यायला जो शब्द, तोच इकडे पंतच्या 27 कोटींना सोवळं नेसवायला! क्रिकेटपटू स्वतः सरळ ‘मॅच फी’ म्हणतात. कसोटीचे 15 लाख, एकदिवसीयचे 6, टी-ट्वेंटीचे 3; ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने महिलांनाही तेवढेच जाहीर केले. पंचांशी हुज्जत घातली की याच मॅच फीमधून टक्केवारीने दंड कापतात. शाल-नारळाच्या पाकिटातून कुणी दंड कापल्याचं ऐकलंय? जाब विचारता येतो तो असा. मात्र या मॅच फीचं ‘सामना शुल्क’ करू नका. शुल्क आपण भरतो. पंधरा लाख भरून कसोटी खेळायला कोण जाईल?

एवढं करूनही मराठी शब्दच हवा असेल तर ‘मोबदला’ वापरा, तोही अरबीतून आलेला. नाहीतर जत्रेच्या कुस्तीच्या मैदानात जाऊन उभे राहा. आधी पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. हलगी कडाडत असते, पंच दोन्ही पैलवानांचे हात धरून आखाड्याला फेरी मारतो आणि आकडा ओरडून सांगतो. मागचा म्हातारा कानाला हात लावून शेजाऱ्याला विचारतो, ‘कितीची रं ही?’ ‘पाच हजाराची.’ ‘मानधन किती?’ असं विचारणारा मला तिथे अजून भेटलेला नाही.