लसीला दोष देण्याआधी कॉम्प्लिमेंट तपासा

मेनिंगोकोकसच्या (मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जिवाणूच्या) लसीवर काम, उंदरांच्या सीरमने जिवाणू मरत नाहीत आणि गाइड म्हणतात कॉन्ज्युगेटच (जिवाणूची साखर प्रथिनाला जोडून केलेली लस) फसलं. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की चाचणीत घालायचं सशाचं कॉम्प्लिमेंट (रक्तातली जिवाणू मारणारी प्रथिनं) 'सुट्टीमुळे जरा उशिरा मिळालं'. माझ्या मते घोळ तिथेच आहे.

गोव्यात वेर्ण्याला आमच्या लॅबमध्ये हेच झालं. पार्सल ऐन चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर पोचलं. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने (नाव घेत नाही) आधी 'संसर्गजन्य नाही' असं पत्र मागितलं. दिलं, तर किंमत इन्व्हॉइसशी जुळत नाही म्हणून परत. मग चवथ. सुट्टी संपल्यावर सांगतात, "फ्रीजमध्ये ठेवलं होतं की!" ड्राय आइस केव्हाच उडून गेला होता. कॉम्प्लिमेंट ठेवायचं उणे ८० ला. साध्या फ्रीजमध्ये त्याचा दम जातो आणि बाटली दिसते मात्र होती तशीच. अँटिबॉडी नुसती चिकटते, जिवाणूला भोक पाडतं ते कॉम्प्लिमेंट. तेच मेलेलं असेल तर टायटर (सीरम किती पातळ करूनही जिवाणू मारतं तो आकडा) येणार कुठून? आमची एक चांगली बॅच त्यापायी नापास ठरली. त्याचा संताप अजून जात नाही.

वर कोणीतरी ऐकवतंच की मेनिंजायटिसची लस उन्हातही टिकते. पुण्यात बनलेली मेनॲफ्रिव्हॅक २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली आणि २०१२ मध्ये तिला ४० अंशांपर्यंत चार दिवस ठेवायची मुभा मिळाली, हे खरंच. पण ती मुभा त्या सुकवलेल्या लसीची. चाचणीच्या सामानाला ती कशी लागू होईल?

पूर्वी चांगला टायटर दिलेलं सीरम कंट्रोल म्हणून याच कॉम्प्लिमेंटबरोबर लावून बघा. तेही पडलं तर कॉन्ज्युगेटला हात लावू नका, नवा लॉट मागवा. आल्या आल्या छोट्या नळ्यांत वाटा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. पाठवणाऱ्याला सांगा, सोमवारीच पाठव आणि आत तापमान नोंदवणारा लॉगर टाक. परवानग्यांचे नियम आता बदललेही असतील, ते तुमच्या बायोसेफ्टी समितीला विचारा.

आणि हो, जिवंत जिवाणू हाताळताय, तर स्वतः लस घेतलीत ना? एसीडब्ल्यूवाय (ए, सी, डब्ल्यू आणि वाय या गटांची लस) घेतली म्हणजे बी गटापासून संरक्षण मिळत नाही. बीचं कवच आपल्याच चेतापेशींवरच्या साखरेसारखं असतं, म्हणून त्याची प्रथिनांची लस वेगळी. डॉक्टरांशी बोला, पण टाळू नका.

कंट्रोलचे आकडे इथे टाका, बघून सांगतो.