येते म्हटलं, ते खोटं होतं का?

प्रिय पिल्लू,

हे पत्र सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर बाबाला विचार, पण आधी एकटीने वाच.

न्यूझीलंडला मावशीकडे सुट्टी काढून आपण घरी निघालो होतो. ऑकलंडहून विमान सुटून तासभर झाला असेल. दोह्यापर्यंतचे सोळा-सतरा तास अजून पुढे होते. बाबा झोपला होता आणि तू खिडकीकडे तोंड करून मला विचारलंस, "आई, निघताना तू मावशीला 'येते गं' म्हणालीस. पण आदल्या रात्री बाबाला म्हणत होतीस की एवढ्या लांब आता परत यायचं काही जमणार नाही. मग तू मावशीशी खोटं बोललीस ना?" मी म्हटलं, झोप आता. तू झोपलीसही. पण डोळे मिटताना म्हणालीस, "मी आणि दादा तरी खरं बोललो." ते मला फार लागलं. इकडे इंग्लंडात, लीड्सला येऊन चार दिवस झाले, तुझी शाळाही सुरू झाली, तरी ते वाक्य अजून गेलेलं नाही.

तुमचं खरं होतं, हे मान्य आहे. मावशीच्या मुलाने, तुझ्या दादाने, तुला शाळेतलं माओरी शिकवलं होतं. जो निघतो त्याने राहणाऱ्याला 'ए नोहो रा' म्हणायचं आणि जो राहतो त्याने निघणाऱ्याला 'हाएरे रा'. नोहो म्हणजे बस, राहा. हाएरे म्हणजे जा, चाल. पहाटेच्या त्या गारठ्यात तू त्याला 'राहा' म्हणालीस, तो तुला 'जा' म्हणाला, आणि दोघांनी कपाळाला कपाळ लावलं. जे घडत होतं तेच तुम्ही बोललात. मी मात्र गाडीत बसता बसता 'येते' म्हणाले.

त्या पहाटेचं आणखी एक तुला आठवत असेल. काका डिकीत बॅगा लावत होता आणि मावशीने उत्तरेला बोट करून तुला टेकडीवरचा ताऱ्यांचा पुंजका दाखवला. आपल्या कृत्तिका. त्यांना तिकडे मातारिकी म्हणतात. हिवाळ्यात त्या पुन्हा पहाटे दिसू लागल्या की माओरी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं, आणि वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं त्यांच्याकडे बघून घेतात. २०२२ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

बघ, 'गेलेल्या माणसांची' असं मी आत्ता सहज लिहून गेले. अडचण तिथेच आहे. आपल्याकडे माणूस वारला हे तोंडावर म्हणवत नाही, म्हणून 'गेला' म्हणतात. 'आजोबा गेले' म्हटल्यावर कुठे गेले असं कुणी विचारत नाही. त्यामुळे जिवंत, धडधाकट माणूस उंबऱ्यावर उभा राहून 'जाते' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. आपल्या भाषेत असे शब्द बरेच आहेत. आजी नारळ फोडत नाही, वाढवते. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणते. देवापुढचा दिवा विझव म्हणत नाही, शांत कर म्हणते. तू लहानपणी म्हणायचीस, आजी सगळं उलटं बोलते.

शब्दाने काही बरंवाईट होतं असं मी मानत नाही. 'जाते' म्हटल्याने कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. तरी ते माझ्या तोंडातून निघत नाही. माझ्या आजीने, माईने, ते लहानपणीच तोंडातून काढून टाकलं.

माईचं घर कणकवलीच्या पुढे, हे तुला माहीत आहे. कोकण रेल्वे यायच्या आधीची गोष्ट सांगते. आम्ही कोल्हापूरहून लाल एसटीने फोंडा घाट उतरून जायचो, पूर्ण मे महिना राहायचो, आणि मिरगाचा पाऊस पडायच्या आत घाट चढून परत यायचो. सुट्टीचे पहिले दिवस कसे गेले ते मला एकही आठवत नाही. शेवटचे दिवस सगळे आठवतात. अंगणात साठं वाळत असायची, आमसुलं सूर्यप्रकाशात काळी पडत असायची, आप्पा लाकडं पडवीत रचत असायचे. सगळं पावसाच्या बेगमीचं काम, आणि त्याच गडबडीत माई आमच्या पिशव्या भरायची. दोन दिवस आधी एक पिशवी असायची, निघताना पाच व्हायच्या. घरात कुणी नवीन काही सुरू करत नसे. पत्त्यांचा डाव मांडला तरी अर्ध्यावर सोडून द्यायचे सगळे. माझा मामेभाऊ तर शेवटच्या संध्याकाळी कुणाशी बोलायचाच नाही.

आमच्या आधी मुंबईची मंडळी निघायची. एका वर्षी मी आणि त्या मामेभावाने मुंबईच्या मावसभावाची एक चप्पल गोठ्यातल्या गवतात लपवली. चप्पल नाही तर निघणार कसे, एसटी चुकेल, उद्यावर जाईल, असा आमचा हिशेब. सगळं घर शोधत होतं. माझी मुंबईची मावशी चिडली, मावसभाऊ रडला. आम्ही दोघं तुळशीमागे उभे होतो, भीतीने पाय थरथरत होते, पण बोललो नाही. शेवटी त्याला अनवाणीच काखेत घेऊन ते गेले. एसटी काही चुकली नाही. ती चप्पल माईला पावसात गवत काढताना सापडली आणि तिने ती पडवीत खुंटीला अडकवून ठेवली. वर्षभर. पुढच्या मेमध्ये तो आला तेव्हा त्याचा पाय तिच्यात मावेना. माईने तरी ती फेकली नाही.

आमची पाळी यायची तेव्हा माई देवाला दिवा लावायची, हातावर दही घालायची आणि बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या दारापर्यंत, यायची. आप्पा यायचे नाहीत, ते त्याच वेळी गुरांना पाणी पाजायला निघून जायचे. मी पाच-सहा वर्षांची असताना बेड्यापाशी 'माई, मी जाते' म्हणाले तेव्हा तिने माझं तोंडच धरलं. "जातंय म्हणा नको गो, येतंय म्हण." मी येतंय म्हटलं. "ये," ती म्हणाली. एसटी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिचं हिरवं लुगडं बेड्यापाशी दिसत राहायचं.

आता तुला जे सांगायचं ते मला सोपं नाही. माईला मी पुढेही दर वर्षी 'येते' म्हणत राहिले. दहावी आली, मग पुण्याचं होस्टेल, मग नोकरी, मग इकडे. दोन मे चुकले, मग चार. शेवटी जे 'येते' म्हटलं त्यानंतर आठ वर्षं मी त्या बेड्यापाशी गेले नाही. त्यामुळे तू विमानात विचारलंस तेव्हा मला मावशी आठवण्याआधी माई आठवली. तू म्हणतेस तशी मी खोटं बोलले असेन, तर पहिल्यांदा तिच्याशी.

पण तिला ते खोटं वाटलं असेल का, हे मला अजून ठरवता येत नाही. आठ वर्षांनी गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "जेवलंस गो?" जणू मी बाजारातून आले होते.

न्यूझीलंडच्या मावशीचं आणि माझं होस्टेलपासूनचं आहे. चौदा वर्षांनी भेटलो. तुझ्या शाळेची उन्हाळी सुट्टी, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, पाच आठवडे तिच्या वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या घरात काढले. पहिले चार आठवडे आम्ही एवढ्या बोललो की काकाने हात जोडले. शेवटचे तीन दिवस मात्र आम्ही फक्त कामाचं बोललो. बॅग बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवायची, तेवीस किलोला किती कमी, कुठला स्वेटर हातात घ्यायचा. पेटोनीच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हाही वाऱ्यात नुसत्या चाललो. तुम्ही दोघं पुढे शंख वेचत होतात. तिला माहीत होतं की तिकिटांचे पैसे पुन्हा जमवायला किती वर्षं लागतील. काकाने तुला ग्लोबवर दाखवलं होतं ना, त्यांच्या घरातून सरळ भोक पाडलं तर माणूस स्पेनमध्ये निघतो? आपल्यापासून याहून लांब कुणाचं घर असणार! हे सगळं तिलाही माहीत होतं, मलाही. म्हणून ती 'या गं' म्हणाली तेव्हा माझ्याकडे तारीख मागत नव्हती, आणि मी 'येते' म्हणाले तेव्हा तिला वचन देत नव्हते. मग काय देत होते, हे मला नीट सांगता येत नाही. तिने मला गाडीपर्यंत एकटं जाऊ दिलं नाही, एवढं कळतं.

कदाचित मी त्या शब्दामागे लपलेही असेन. 'आता बहुधा भेट नाही' हे म्हणायला धीर लागतो, तो मला झाला नाही. तुला आणि दादाला झाला. की तुम्हाला अजून कळलंच नाही की जा म्हणजे किती लांब जा? हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

एक मला तिथे पोचलो तेव्हाच दिसलं होतं. ऑकलंडच्या विमानतळावर 'हाएरे माई' लिहिलेलं बघून तू हसली होतीस, आपल्या माईचं नाव म्हणून. हाएरे माई म्हणजे इकडे या. शब्द तोच हाएरे. येताना तोच, निघताना तोच, फक्त पुढचा तुकडा बदलतो.

तू आणखी एक विचारलं होतंस, मावशी तुझ्या हातात पैसे कोंबत होती तेव्हा मी तिच्याशी भांडत का होते. दहाची नोट आणि वर एक डॉलरचं नाणं. त्या नोटेवर केट शेपर्ड आहेत, ज्यांनी तिथल्या बायकांना मत मिळावं म्हणून लढा दिला. १८९३ मध्ये ते मिळालंही. आणि नाण्यावर किवी. दहा कोरे द्यायचे नाहीत, वर एक ठेवायचा, हे तिलाही तिच्या आजीने शिकवलेलं. मी 'नको' म्हणायचं, तिने 'पोरीला देतेय, तुला नाही' म्हणायचं, हे ठरलेलंच असतं. ते भांडण खरं नव्हतं, पण आमच्या दोघींचे डोळे भरले होते ते खरं होतं. ते अकरा डॉलर खर्च कर किंवा ठेव, ते तुझे आहेत.

तूही 'येते' म्हणावंस असा माझा आग्रह नाही. शाळेत मैत्रिणींना बाय म्हणतेस, ते म्हण. दादाचं 'ए नोहो रा' मला आवडलं, मागे राहणाऱ्याचा विचार करणारा शब्द आहे तो. फक्त मी म्हणाले की मला थांबवू नकोस.

आणि हो, काल बॅगा रिकाम्या करताना तुझा एकच पिवळा गमबूट सापडला. जायच्या आधी तू ते दोन्ही टूथब्रशने घासले होतेस, तळव्याला माती असली तर तिथे आत घेत नाहीत म्हणून. रात्री मावशीचा फोन आला होता. दुसरा त्यांच्या लाकडांच्या ढिगामागे आहे म्हणाली, अगदी आतल्या बाजूला. पोस्टाने पाठवू का, असं विचारत होती. मी नको म्हटलं.

तो तिथे कसा गेला ते मी तुला विचारणार नाही. इथला मी दाराशी ठेवलाय. लहान झाला तरी टाकू नकोस.

तुझी,
आई