नाच्या, जोगता, तृतीयपंथी, समलिंगी

'नटरंग' आणि 'जोगवा' या मराठी चित्रपटांबद्दल लिहिताना कुणी 'समलैंगिक नायक' लिहितं, कुणी 'तृतीयपंथी'. यातलं बरोबर काय, असा प्रश्न आला आहे.

दोन्ही चूक. 'नटरंग'मधला (२०१०) गुणा शेतमजूर आहे, त्याला बायको-मुलगा आहे. त्याला तमाशात राजाची भूमिका करायची असते, पण नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करून नाचणारा, व्हायला दुसरं कुणीच तयार नसतं, म्हणून तो स्वतः उभा राहतो. नाच्या हे तमाशातलं काम झालं. त्यावरून माणसाचा कल, म्हणजे त्याचं प्रेम कुणावर जडतं ते, कळत नाही. 'जोगवा'तला (२००९) तायप्पा जोगता, म्हणजे देवीला सोडलेला पुरुष, आहे. देवीच्या नावाने त्याला लुगडं नेसायला लावलंय आणि त्याचा जीव जडलाय सुलीवर, एका बाईवर. त्याची सगळी घुसमट तीच. त्याला समलैंगिक म्हटलं तर गोष्टच उलटी होते.

पुरुषाच्या अंगावर लुगडं दिसलं की आपण लगेच शिक्का मारतो. ही सवय चित्रपटांनीच लावली. लचकत चालणारं, टाळ्या वाजवणारं एकच पात्र हशा पिकवायला वर्षानुवर्षं आणलं गेलं. त्यात कल, ओळख आणि पोशाख यांचा पार काला झाला आणि 'बायल्या'सारख्या शिवीला थिएटरात टाळ्या मिळाल्या. गुणाचं गाव तरी वेगळं काय करतं? पहिलवानी अंगाचा माणूस, पण भूमिकेवरून त्याची किंमत ठरते. परीक्षण लिहिणाऱ्याने निदान त्या गावकऱ्यांच्या रांगेत बसू नये.

ज्यांचं प्रेम आपल्याच लिंगाच्या व्यक्तीवर आहे, ते समलिंगी. 'समलैंगिक' चूक नाही, पण मला 'समलिंगी' जास्त पटतो. 'लैंगिक' कानावर पडलं की प्रेम मागे राहतं आणि फक्त शरीरसंबंध डोळ्यांपुढे येतो. जन्मावेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही, ते पारलिंगी. 'तृतीयपंथी' मराठीत मुख्यतः हिजडा समाजातल्या व्यक्तींसाठी रुळला आहे. पारलिंगी पुरुषाला, म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवलेल्या पुरुषाला, तो लावू नये.

'समलिंगी' नेमका कुठे बसतो, ते पाहायचं तर 'साबर बोंडं' घ्या. २०२५ साली सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळवलेला हा मराठी चित्रपट. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, दोघेही चारचौघांसारखे पुरुष. त्याबद्दल 'समलिंगी पुरुषांची प्रेमकथा' असं सरळ लिहावं. 'समलैंगिकतेची समस्या' मात्र नको. त्यात आनंदला छळतो तो नातेवाइकांचा लग्नाचा तगादा.